घरातल्या प्रत्येकाची नाडी वेगळी

गेल्या मे महिन्यात आम्ही धुळ्याला एका नातलगांकडे गेलो होतो. घरात बीपीचे नवे मशीन आले होते. सगळ्यांनी हौसेने दंडाला पट्टा बांधून पाहिला. नाडीचे आकडे आले ते असे: रोज क्रिकेट खेळणारा नातू 58, अब्बा 70, सून 78, अम्मी 84. लगेच थट्टा सुरू झाली, "बायकांचं काळीजच घाबरट!" अम्मी हसल्या आणि हळूच म्हणाल्या, "महिना झाला, जिना चढले की जीव घाबरतो. सांगितलं तर म्हणतात, टेन्शन घेऊ नका."

वाचकहो, नाडीचा आणि भित्रेपणाचा असा संबंध नाही. हृदयाला स्वतःची लय असते. मज्जातंतूंचा ताबा काढून घेतला, तर तरुण माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे 100 ठोके देईल. पण त्याला दोन लगाम आहेत. एक वेग वाढवतो, दुसरा आवरतो. विश्रांतीत आवरणारा लगाम जोरात असतो, म्हणून नाडी बहुधा 60 ते 100 च्या दरम्यान राहते.

बाईचे हृदय आकाराने लहान. एका ठोक्याला रक्त कमी जाते, म्हणून ठोके थोडे जास्त लागतात. गंमत अशी, की पाळी सुरू असलेल्या वयात आवरणारा लगाम सरासरीने बायकांचाच अधिक चांगला असतो! पाळी गेल्यावर हा फरक कमी होत जातो.

वय मात्र दोघांनाही सोडत नाही. तरुणपणी श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते. वाढत्या वयात हा लवचीकपणा कमी होतो. श्रमात हृदय किती वेगाने धावू शकते, याचा ढोबळ अंदाज 220 वजा वय असा धरतात. म्हणजे विशीत 200, साठीत 160.

उभे राहताना अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे उतरते. तरुणाचे मज्जातंतू काही क्षणांत नाडी वाढवून ते सावरतात. म्हाताऱ्या माणसाची नाडी तेवढी वाढत नाही आणि भोवळ येते. हे सांगताच अब्बा चपापले. फजरला उठताना दोनदा त्यांचा तोल गेला होता, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते. 70 चा सुरेख आकडा पाहून सगळे निश्चिंत होते!

आपल्या खानदेशात पारा 45 च्या पुढे जातो. घामाने अंगातले पाणी कमी होते. त्यात बीपीच्या गोळ्या किंवा रोजा असेल तर भोवळीचा धोका वाढतो. म्हणून वडीलधाऱ्यांनी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, मगच वजूला उठावे. सजद्यातून सावकाश उठावे. उभे राहणे जमत नसेल तर बसून नमाज पढण्याची सवलत आहेच. इफ्तार ते सहरी थोडे थोडे पाणी प्यावे. पाण्यावर डॉक्टरांचे बंधन असेल तर त्यांना विचारावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

बसल्या जागी नाडी सतत 100 च्या वर असेल, ठोके अनियमित असतील, शुद्ध हरपत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बायकांच्या हृदयविकारात छातीत कळ येतेच असे नाही. धाप, मळमळ, घाम, जबडा किंवा पाठ दुखणे, विलक्षण थकवा, एवढेच दिसू शकते. जुन्या मधुमेहात मज्जातंतू बोथट होतात आणि कळ जाणवतही नाही. अशा वेळी "गॅस असेल" म्हणून रात्र काढू नका. 108 ला फोन करा. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

दुसऱ्या दिवशी सून अम्मींना दवाखान्यात घेऊन गेली. ईसीजी ठीक आला. हिमोग्लोबिन मात्र 8 निघाले. रक्त कमी, म्हणून हृदय धावत होते. ते का कमी झाले याची तपासणी आणि औषध सुरू झाले. अब्बांचेही बीपी आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असे दोनदा मोजले गेले.

मशीन आकडा सांगते. जीव घाबरतो हे माणूस सांगतो. तेही ऐकून घ्यायला हवे.