चोरखणात कोण आहे?

3 जून 1989 रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात लिहायचं एक मेज 1 कोटी 21 लाख डॉलरला विकलं गेलं. तोवर कुठल्याही फर्निचरला लिलावात एवढी किंमत आलेली नव्हती. सुमारे नऊ फूट उंच, महोगनीचं, दारांवर आणि झाकणावर मिळून सहा कोरीव शिंपले. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट गावात टाउनसेंड आणि गोडार्ड या सुतार घराण्यांनी जी शैली घडवली, तिचा हा कळस मानला जातो. बनलं साधारण 1760च्या दशकात. मूळ मालक प्रॉव्हिडन्सचा व्यापारी निकोलस ब्राउन. दोनशे वर्षांहून जास्त काळ ते त्याच घराण्यात राहिलं. संग्राहकांच्या भाषेत याहून शुद्ध वंशावळ नाही.

माझं भांडण या 'शुद्ध'शी आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. या प्रकाराला सेक्रेटरी म्हणतात. खाली खण, मध्ये तिरकं झाकण, वर पुस्तकांचं कपाट. झाकण पुढे ओढलं की त्याचीच लिहायची फळी होते, तिला आधार द्यायला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या बाहेर येतात. आत कागदपत्रांसाठी छोटे छोटे कप्पे. आपला चिटणीस चिठ्ठीवरून आला, इंग्रजांचा सेक्रेटरी मात्र गुपितावरून. मेजही नावाला जागतं. आतल्या छोट्या दाराशेजारचे नक्षीदार खांब पुष्कळदा खांब नसतातच. ओढले की अरुंद खण बाहेर येतो. त्यामागे कधी आणखी एक. संग्राहक या चोरखणांवर जीव टाकतात, आणि का टाकतात ते मला पुरेपूर कळतं. एवढा देखणा इंटरफेस मी तरी अजून कुठल्या स्क्रीनवर पाहिलेला नाही.

या लोकांची नजर खरोखर तीक्ष्ण असते. ते दर्शनी बाजू नंतर बघतात, आधी खण बाहेर काढून उलटा करतात. डव्हटेलचे सांधे थोडे असमान असतील तर हाताने कापलेले. फळीवर गोल करवतीच्या वक्र खुणा दिसल्या तर अठराव्या शतकाचा दावा तिथेच संपला. आतलं, न दिसणारं लाकूड कुठलं? न्यूपोर्टच्या कामात चेस्टनट किंवा ट्युलिप पॉप्लर सापडतं, इंग्लंडच्या कामात बहुतेकदा ओक. वरचं कपाट आणि खालचं मेज वेगवेगळ्या ठिकाणून आणून एकमेकांवर बसवलं असेल तर त्याला 'लग्न लावलेलं' म्हणतात आणि किंमत धाडकन खाली येते. वर्षानुवर्षं आतल्या फळ्यांवर हात फिरवून कमावलेली ही नजर.

मग हीच नजर मुख्य लाकडापाशी येऊन का थांबते? महोगनी न्यूपोर्टमध्ये उगवत नाही. ती जमैकातून आणि नंतर होंडुरासच्या आखाताकडून जहाजांनी यायची, आणि तिथल्या जंगलात ती तोडायचे गुलाम. एकाचं काम फक्त झाड शोधण्याचं. त्याने उंच झाडावर चढून पानांच्या रंगावरून महोगनी ओळखायची, मग टोळीने ती पाडायची, बैलांनी नदीपर्यंत ओढायची आणि पाणी चढलं की ओंडके सोडून द्यायचे. महोगनीची झाडं रानात विखुरलेली असतात, त्यामुळे प्रत्येक ओंडक्यामागे केवढी तरी पायपीट. आतल्या पाइनच्या तुकड्याचं गाव सांगणारा जाणकार बाहेरच्या लाकडाबद्दल काय म्हणतो? 'उत्तम, दाट, गडद.'

आणि निकोलस ब्राउन. सप्टेंबर 1764 मध्ये निकोलस ब्राउन आणि कंपनीचं 'सॅली' नावाचं जहाज प्रॉव्हिडन्सहून आफ्रिकेला निघालं. कंपनी चार भावांची: निकोलस, जोसेफ, जॉन, मोझेस. कप्तान ईसेक हॉपकिन्स, जो पुढे अमेरिकेच्या पहिल्यावहिल्या नौदलाचा प्रमुख झाला. त्याने 196 माणसं विकत घेतली. त्यांतली किमान 109 मेली. काही रोगाने, काही उपासमारीने, काही बंड करताना मारली गेली, काहींनी स्वतःच जीव दिला. ही कुणा विरोधकाने रचलेली कहाणी नाही. जहाजाची हिशोबाची वही शिल्लक आहे आणि ब्राउन विद्यापीठाच्या समितीने 2006 साली हे सगळं अहवालात छापलं. ते विद्यापीठ याच घराण्याच्या नावाचं.

आता तारखा शेजारी ठेवा. मेज 1760चं दशक, जहाज 1764. सॅलीचा हिशोब याच मेजावर झाला असं मी म्हणत नाही, त्याला पुरावा नाही. पण ज्या पेढीच्या नफ्यातोट्यात सॅली होतं तिचा भागीदार या मेजाचा धनी होता, याला पुरावा आहे. वंशावळ म्हणजे मालकांची नावं क्रमाने लिहिणं असेल, तर मालकाच्या नावापाठोपाठ त्याचा धंदाही यायला हवा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आजच्या नीतीने तो काळ मोजू नका. ठीक, त्याच काळाने मोजू. चार भावांतल्या मोझेसने 1773 मध्ये आपले गुलाम मुक्त केले आणि पुढचं आयुष्य गुलामीविरुद्ध लढण्यात घालवलं. जॉनने तो व्यापार सोडला नाही आणि त्यापायी त्याच्यावर खटलाही झाला. निकोलस या दोघांच्या मधे कुठेतरी. सॅलीनंतर तो या व्यापारात पुन्हा उतरला नाही. म्हणजे हा वाद एकविसाव्या शतकाने आणलेला नाही, तो त्याच घरात भावाभावांत पेटला होता. 'त्या काळी सगळे तसेच होते' म्हणणारा मोझेसला पुसून टाकतो.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे: आम्ही सुताराची कला जमवतो, मालकाचं चारित्र्य नाही. छान. मग मालकाच्या नावाचे पैसे का मोजता? 1870च्या दशकात इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनने पेटंट घेऊन भलीमोठी सेक्रेटरी बाजारात आणली. दोन जड पाखं उघडली की आत शंभराच्या घरात कप्पे. तिची ओळख करून देताना ग्रँट आणि रॉकफेलर ही गिऱ्हाइकं हमखास येतात. वूटनचं कसब मागाहून. आणि 'गव्हर्नर विन्थ्रॉप' नावाची मेजं तर निव्वळ विनोद. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप 1649 मध्ये वारले, तेव्हा हा तिरक्या झाकणाचा प्रकार जन्मलाही नव्हता. नाव चिकटवलं 1920च्या दशकात, बोस्टनच्या एका फर्निचर कंपनीने. अजून त्याच नावाने खपतात.

गोष्टच विकली जाते याचा सगळ्यात मोठा पुरावा हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात मिळाला. तिथे एक सेक्रेटरी होती, यादवी युद्धात अँटिटमला पडलेल्या कनेटिकटच्या सैनिकाच्या स्मरणार्थ 1876 मध्ये त्याच्या भावाला भेट दिलेली. हाडाचं जडावकाम, त्याच्या पलटणीची आठवण, सगळं हृदयद्रावक. 2018 मध्ये उघड झालं की एका हयात कारागिराने जुन्या साध्या मेजावर हे सगळं स्वतः चढवलंय. सैनिक खरा, मृत्यू खरा, मेज खोटं. साहजिकच गदारोळ झाला.

मला पडलेला प्रश्न असा: खोटी गोष्ट जोडली तर तो घोटाळा, आणि खरी गोष्ट गाळली तर तो 'संग्राहकाचा संयम', हे कसं? कारागिराने घातलेलं हाड शोधायला तज्ज्ञ भिंग घेऊन बसतात. 109 माणसं शोधायला भिंगही लागत नाही.

मेज जाळा किंवा तळघरात टाका असं मी म्हणत नाहीये. ते शिंपले कोरणारा हात थोर होता आणि थोरच राहील. उलट आता तर आपल्या वयाच्या लोकांची वेळ आहे. गडद जुन्या फर्निचरचे भाव गेल्या पंचवीसेक वर्षांत इतके कोसळलेत की अमेरिकेत नोकरीला गेलेला आपला एखादा मित्रही 1930च्या आसपासची विन्थ्रॉप सेक्रेटरी सहज घरी आणू शकतो. (आणून तिला पांढरा रंग फासू नये, एवढी विनंती.) फक्त विकणाऱ्याला मालक कोण विचारून झालं की लाकूड कुठलं, कुणी तोडलं हेही विचारा. तो गडबडला तर गडबडू दे.

आणि लिलावाच्या कॅटलॉगांत, संग्रहालयांच्या पाट्यांवर निकोलस ब्राउनच्या नावापुढे 'व्यापारी' एवढंच लिहिणं बंद करा. कसला व्यापारी ते लिहा. सॅलीची वही प्रॉव्हिडन्सला जॉन कार्टर ब्राउन ग्रंथालयात आहे. तिची पानं स्कॅन झालेली आहेत, हे वाचताय त्याच फोनवर उघडतात. त्यात मेलेल्यांची नावं नाहीत, फक्त बाई, पुरुष, मुलगा, मुलगी, आणि कितवा मृत्यू तो आकडा.