पेरणीनंतर बदललेला नियम

गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या पट्ट्यात जून महिन्यात कापसाची लागवड होते, तेव्हा शेतकऱ्यापुढे दोन आकडे असतात. 2025 मध्येही होते. मेअखेरीस केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,710 रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला. आदल्या वर्षीपेक्षा ही 589 रुपयांची वाढ होती. दुसरा आकडा शेतकऱ्याला फारसा ठाऊक नसतो, पण जिनिंगवाल्याला व आडत्याला पक्का ठाऊक असतो. परदेशी कापसावर 11 टक्के आयात शुल्क होते. 2021 च्या अर्थसंकल्पाने ते लावले होते. हे दोन आकडे गृहीत धरून बियाणे घेतले गेले, खतांची उधारी झाली, बँकांतून पीककर्जे उचलली गेली.

पीक शेतात उभे असतानाच यातला दुसरा आकडा पुसला गेला. 19 ऑगस्टपासून 30 सप्टेंबरपर्यंत कापसावरील आयात शुल्क माफ झाले आणि 28 ऑगस्टला ही मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. त्याच्या आदल्याच दिवशी, गणेश चतुर्थीला, अमेरिकेने भारतीय मालावर आणखी 25 टक्के शुल्क लादून एकूण भार 50 टक्क्यांवर नेला होता. कारण सांगितले गेले ते रशियाकडून होणाऱ्या तेलखरेदीचे.

या प्रसंगी सरकारने मान तुकवली नाही, हे योग्यच झाले. भारताने तेल कोणाकडून घ्यावे, हे वॉशिंग्टनने ठरवण्याचा प्रश्न नाही. साठच्या दशकात पी.एल. 480 च्या गव्हासाठी अमेरिकी बोटींची वाट पाहणारा देश आज स्वतःचा निर्णय स्वतः घेतो, ही लहान गोष्ट नव्हे. तिरुपूरच्या कापड-उद्योगाला आधार देण्याची निकडही खरी होती. स्वस्त कच्चा माल मिळाला तर कारखाना तग धरेल, कामगार टिकेल, असा तो हिशेब.

परंतु त्या आधाराची किंमत कोणी मोजायची?

मराठवाड्यातला कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतो आणि डिसेंबरअखेरपर्यंत आवक भरात असते. शुल्कमाफीची वाढीव मुदत नेमकी याच काळावर येऊन पडली. ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलियाची रुई विनाशुल्क बंदरात उतरू लागली की सूतगिरणी बीडच्या गाठीसाठी घाई करीत नाही. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने बीड जिल्ह्याला झोडपले. बोंडे काळवंडली, कापूस भिजला. भारतीय कापूस महामंडळ 12 टक्क्यांवर ओलावा असलेला माल घेत नाही, आणि 2025 च्या हंगामात ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणीही सक्तीची होती. ज्याचा माल तेथे बसत नाही, तो हमीभावाच्या खाली खासगी खरेदीदाराकडे येतो. मग बोल लागतो तो व्यापाऱ्याला!

व्यापाऱ्याची बाजू कॅश क्रेडिटच्या खात्यात दिसते. समजा, एका जिनिंगवाल्याकडे एक कोटीचा साठा आहे आणि बँकेचे मार्जिन 25 टक्के आहे. त्याची उचल-मर्यादा, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, 75 लाख. भाव आठ टक्क्यांनी उतरला तर साठा 92 लाखांचा उरतो, मर्यादा 69 लाखांवर येते. पूर्ण उचल केली असेल तर सहा लाख रुपये तातडीने भरावे लागतात. एक किलोही रुई विकलेली नसताना. या माणसाने सट्टा केला नाही, उधळपट्टी केली नाही. जो नियम अस्तित्वात होता, त्यावर विश्वास ठेवून त्याने माल भरला. यात तो कोठे चुकला?

2022 मध्येही एप्रिलच्या मध्यास अशीच माफी आली होती, पण तेव्हा हंगाम सरत आला होता आणि भाव चढे होते. 2025 चा प्रसंग निराळा होता.

यावर सरकारनेच सारा कापूस खरेदी करावा, असा सूर काही ठिकाणी उमटतो. जुन्या पिढीला तो अनुभव आहे. 1972 पासून महाराष्ट्राने एकाधिकार खरेदी योजना राबवली, खासगी व्यापाऱ्याला बाजारातून बाहेर काढले आणि पुढे तोट्याचा डोंगर उभा केला. चुकारे रखडले, राज्याच्या सीमेपलीकडे चोरटी वाहतूक चालली. त्या वाटेने परत जाण्यात कोणाचेही हित नाही. शुल्क कायमचे चढे ठेवा, ही मागणीही टिकणारी नाही. गिरणी बुडाली तर कापूस घेणार कोण?

मागणी एवढीच असावी: आयात शुल्क शून्य असो वा अकरा टक्के, ते मे महिन्यात हमीभावासोबतच जाहीर व्हावे आणि पुढच्या हंगामाच्या अखेरीपर्यंत त्याला हात लागू नये. निर्यातदाराला संकटात मदत द्यायची असेल तर ती सरकारी तिजोरीतून, उघड अनुदानाने द्यावी. म्हणजे संसदेत त्याचा हिशेब मागता येईल. शेतकऱ्याच्या भावातून परस्पर कापलेली मदत कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

माफीची मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत होती. लागवड जूनमध्ये होते. व्यापारी संघटनांनी आपल्या खासदारांकडे निवेदने न्यायची ती लागवडीआधीच.