बॉल हलका, वाद भारी!

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या हॉस्टेलवर दोन विषयांवरून हमखास भांडणं होतात. एक मेसचा मेनू आणि दुसरा क्रिकेटचा बॉल. मेसवर या पानांत आत्तापर्यंत इतकं लिहून झालंय की मेसच्या काकांनासुद्धा ते पाठ झालं असेल. म्हणून मी दुसरा विषय घेते. (मी कॉन्व्हेंटवाली. वेलांट्या आणि उकार यांची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर!)

यंदाच्या इंटर-हॉस्टेल टुर्नामेंटच्या नोटिशीत एक ओळ आहे : 'सर्व सामने हार्ड टेनिस बॉलवर खेळवले जातील.' सर्व म्हणजे मुलांचे, मुलींचे आणि स्टाफचेही. माझं म्हणणं एवढंच की ही ओळ बदला. सामने लाइट टेनिस बॉलवर घ्या. हे रडगाणं नाही. चार समीकरणं मांडून सांगतेय, तपासून बघा.

आधी प्रश्न कोणाचा आहे ते सांगते. मी ऑफस्पिन टाकते. मैत्रिणी तिला प्रेमाने 'स्लो मोशन' म्हणतात. माझ्यासारखे प्रत्येक टीममध्ये सात-आठ जण असतात. जिममध्ये न जाणारे, शाळेत कोचिंग न घेतलेले, सबमिशन संपवून थेट ग्राउंडवर येणारे. हार्ड बॉलवर आमच्या एका ओव्हरला वीस रन जातात आणि कॅप्टन पुन्हा बॉल देत नाही. मग दोन तास बाउंड्रीवर उभं राहायचं आणि 'कम ऑन गर्ल्स' ओरडायचं. गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये अकरा जणी होत्या, बॉलिंग तिघींनीच केली. यंदा त्यातल्या चौघींनी नावच दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, अभ्यास आहे. अभ्यास गेल्या वर्षी पण होता!

आता फिजिक्स. टेनिसच्या नियमाप्रमाणे टेनिस बॉल साधारण ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. क्रिकेटचा 'लाइट' बॉल जवळपास तेवढाच धरू. हार्ड बॉलचं वजन कंपनीप्रमाणे बदलतं, हिशेबासाठी ९० ग्रॅम घेऊ. दोघांचा आकार जवळजवळ सारखा, म्हणजे हवेचा अडथळा सारखा. पण तोच अडथळा हलक्या बॉलला जास्त मागे खेचतो, कारण एफ बरोबर एम ए. (फर्स्ट इयरला केटी लागलेल्यांनी पण हे मान्य करावं.)

ढोबळ हिशेब असा. ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे माझ्यासारखीने टाकलेला बॉल १८ मीटर पुढे जाईपर्यंत (टप्प्याचं नुकसान सोडून) हार्ड असेल तर साधारण ४३ वर येतो आणि लाइट असेल तर ३८ वर. म्हणजे तो बॅट्समनच्या अंदाजापेक्षा आणखी थोडा उशिरा येतो. स्पिनमुळे हवेत जी वळण्याची ताकद मिळते तिचंही तसंच. ताकद तीच आणि वजन कमी, म्हणून बॉल जास्त वळतो आणि जास्त डुंबतो.

खरी गंमत शॉट मारल्यानंतर आहे. ताशी १०० किलोमीटरने बॅटवरून सुटलेल्या लाइट बॉलला हवा सुरुवातीला गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास दीडपट जोराने मागे ओढते. हार्ड बॉलला त्याच्या दोन तृतीयांशच. म्हणून हार्डवर जो शॉट पार्किंगमध्ये पडतो, तो लाइटवर लाँग-ऑनच्या हातात येतो. स्लो बॉलरला विकेट मिळते ती अशी.

इथे एक गैरसमज दूर करते. लोक म्हणतात, 'मुलींच्या हातात ताकद कमी, म्हणून हलका बॉल मागतात.' चूक! माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असतो. म्हणजे ५० किलोची मुलगी बॉल टाकताना आधीच अडीच किलोचा हात फिरवत असते. त्यात ३० ग्रॅम कमी-जास्त झाले तर वेगात फार फरक पडत नाही. लाइट बॉल आम्हाला फास्ट करत नाही. तो आमच्या स्लो असण्याला किंमत देतो.

ताकदीचा मुद्दा खरा कुठे आहे, तर मॉलमधल्या टेनपिन बॉलिंगमध्ये. तिथले सगळे बॉल एकाच आकाराचे, पण वजन ६ पौंडांपासून १६ पौंडांपर्यंत, म्हणजे पावणेतीन किलोपासून सव्वासात किलोपर्यंत. तिथे हलका बॉल घेणाऱ्याचं थोडं नुकसानच होतं. दीड किलोच्या पिनवर आदळला की हलका बॉल जास्त बाजूला ढकलला जातो. म्हणून हात न ओढता, वेग न घालवता जो सहज झुलवता येईल त्यातला सगळ्यात जड बॉल घ्यायचा आणि अंगठ्याचं भोक नीट बसतंय ना ते बघायचं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट आवडते. तिथे वजन ज्याचं तो निवडतो. ८ पौंडांचा बॉल उचलणाऱ्याला कोणी हसत नाही. आपल्या क्रिकेटमध्ये मात्र बॉल एकच आणि तो निवडते कमिटी. मग ती निवड सगळ्यात फास्ट बॉलरकडे बघून का करायची?

क्रिकेटनेही बॉलचं वजन देवाने दिलेलं मानलेलं नाही. एमसीसीच्या २०१७ च्या नियमांत पुरुषांचा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१ आणि तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४. म्हणजे खेळणाऱ्याप्रमाणे बॉल, बॉलप्रमाणे खेळणारा नाही. आणि हलक्या बॉलने खेळ हलका होतो म्हणणाऱ्यांनी २ नोव्हेंबर २०२५ आठवावा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ रननी हरवून वर्ल्ड कप जिंकला. त्या फायनलमध्ये दीप्ती शर्माने ३९ रनमध्ये ५ विकेट घेतल्या. ऑफस्पिनवर! त्या रात्री आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये रेक्टर मॅडमसुद्धा खुर्चीवर उभ्या होत्या. तो कप 'हलका' आहे असं कोणी म्हणालं नाही.

स्लो बॉलिंग म्हणजे अर्धवट बॉलिंग, असं महाराष्ट्राने तरी म्हणू नये. नाशिकचे बापू नाडकर्णी १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ ओव्हर मेडन टाकून गेले. ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन. त्याच्याही कितीतरी आधी इथून दीड तासावरच्या पुण्यात पूना क्लबच्या नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायची नोकरी करणारे पळवणकर बाळू. डावखुरे स्पिनर. जातीमुळे त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभराच्या वर विकेट घेतल्या. त्यांच्यापुढचे अडथळे आणि आमचे यांची तुलना होऊच शकत नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. मैदानावर माणूस काय आहे हे कळायला आधी त्याच्या हातात बॉल द्यावा लागतो.

आता विरोधी पक्ष. पहिला आक्षेप : 'औंढ्याला वारा किती असतो, लाइट बॉल उडून जाईल.' वारा दोन्ही टीमना सारखाच. उलट वाऱ्याविरुद्ध टाकलेला स्लो बॉल कसा अचानक खाली बसतो ते एकदा बघाच. शिवाय गॅदरिंग हिवाळ्यात असतं, जुलैत नाही. दुसरा : 'फास्ट बॉलरवर अन्याय.' त्यांचा वेग थोडा कमी होईल हे खरं. पण ते तरीही आमच्यापेक्षा फास्टच राहतील आणि त्यांना बॉल मिळणार नाही असं तर होणार नाही. तिसरा : 'सिक्सची मजा जाईल.' जाणार नाही, टायमिंग लागेल. आणि आपण पॅड, हेल्मेट न घालता खेळतो. त्याच वेगाने पायावर बसलेल्या हार्ड बॉलची ऊर्जा लाइटच्या दीडपट असते. पहिल्या मजल्याच्या काचा आणि सरांच्या गाड्या याही माझ्या बाजूने मत देतील.

नुसतं 'लाइट' लिहिलेला बॉल आणून भागणार नाही. कमिटीसाठी चार सोप्या टेस्ट देते :

१) केमिस्ट्री लॅबमधल्या काट्यावर वजन करा. ६० ग्रॅमच्या आसपास असेल तो घ्या. वेष्टनावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

२) दोन मीटरवरून सिमेंटच्या फरशीवर सोडा. टेनिसच्या नियमात २५४ सेंटीमीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ पर्यंत उसळावा लागतो. त्या हिशेबाने आपला १०६ ते ११६ पर्यंत यायला हवा. शंभराच्या खाली राहिला तर तो जुना किंवा मेलेला.

३) वरची लव शाबूत हवी. स्लो बॉलरची पकड आणि हवेतली ब्रेक दोन्ही त्या लवेत असतात. टक्कल पडलेला बॉल बदला.

४) सकाळच्या मॅचला गवतावर दव असतं. लव पाणी पिते आणि लाइट बॉल गुपचूप हेवी होतो. म्हणून दोन बॉल ठेवा, एक वाळत घाला.

पूर्ण टुर्नामेंट बदलायची तयारी नसेल तर निदान मुलींचे आणि स्टाफचे सामने यंदा लाइटवर घ्या. लॅब असिस्टंट काका आणि एचओडी सरसुद्धा आमच्याच जातकुळीचे, म्हणजे स्लो, आणि त्यांनाही एक ओव्हर टाकायची इच्छा असते. प्रत्येक टीममध्ये किती जणांनी बॉलिंग केली ते स्कोअरशीटवर मोजा आणि गेल्या वर्षीच्या शीटशी ताडून बघा. आकडा वाढला नाही तर पुढच्या वर्षी खुशाल हार्ड बॉल आणा, मी स्वतः जाऊन लोणावळ्याच्या बाजारातून घेऊन येईन. वाढला तर मात्र ती नोटिशीतली ओळ कायमची बदला.