'प्रायव्हेट लिमिटेड'ची पाटी आणि आईची सही

पेपरात आतल्या पानावर बँकांच्या ताबा नोटिसा छापून येतात. बारीक टाइप, रकानेच्या रकाने, कुणी वाचत नाही. एकदा निवांत वाचून बघा. कर्जदाराच्या जागी असतं 'अमुक तमुक प्रायव्हेट लिमिटेड'. खाली जामीनदारांची नावं: स्वतः संचालक, त्याची बायको, कधी कधी म्हातारी आई. आणि शेवटी मालमत्तेचं वर्णन. गट नंबर, घर नंबर, चतुःसीमा.

कंपनी जर 'लिमिटेड' होती, तर घर कसं गेलं?

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या तालुक्यात धंदा सुरू करणारा जो तो पोरगा आधी विचारतो, "प्रायव्हेट लिमिटेड काढू का?" मोबाईलवर जाहिराती असतातच. कंपनी काढा, घरदार सुरक्षित ठेवा. काहीजण अमेरिकेतले व्हिडिओ बघून 'एलएलसी' काढायची म्हणतात. त्या नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. छोट्या धंद्याला मर्यादित जबाबदारी हवी असेल तर आपल्याकडे साधारण तीन वाटा आहेत: प्रायव्हेट लिमिटेड, एकट्यासाठी ओपीसी आणि २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी.

मूळ कल्पना चांगलीच आहे. कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती. १८९७ साली इंग्लंडमध्ये सालोमन नावाच्या बूट तयार करणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हे तत्त्व पक्कं झालं आणि आपणही ते घेतलं. कंपनी बुडाली तर शेअरमध्ये घातलेले पैसे जातील, घर जाणार नाही. साध्या भागीदारीत, म्हणजे १९३२ च्या कायद्याखाली, फर्मच्या नावावर भागीदाराने करून ठेवलेली उधारीही तुमच्या गळ्यात येते. प्रोप्रायटरशिपमध्ये तर दुकान आणि मालक एकच. तेव्हा ही भिंत खरी आहे, खोटी नाही.

पण कर्ज काढायला गेलात की बँक कागदांचा गठ्ठा पुढे करते. त्यात एक कागद असतो वैयक्तिक हमीचा. त्यावर सही केली की बँकेपुरती ती भिंत आपणच पाडली. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की, कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया होऊन तोडगा मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही.

बँकेचंही एक म्हणणं आहे आणि ते चूक नाही. दहा हजार भांडवलाच्या नव्या कंपनीला वीस लाख द्यायचे तर मालकाचा जीव त्यात अडकलेला हवा. मान्य. पण ज्या बाईने कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही, तिची सही कशासाठी? घर तिच्या नावावर आहे म्हणून. आणि बायको संचालक का? कायद्याला दोन संचालक लागतात म्हणून. तिला सांगितलं जातं, "नुसती सही आहे." नुसती सही असं काही नसतं. कंपनीचा जीएसटी थकला आणि वसूल झाला नाही, तर आपला गंभीर हलगर्जीपणा नव्हता हे संचालकालाच सिद्ध करावं लागतं. 'मला काही माहीत नव्हतं' एवढ्यावर सुटका होईल या भरवशावर राहू नका.

मग भिंत आडवी येते कुणाला? सिमेंटवाल्याला, पत्रेवाल्याला, गाडीभाडं थकलेल्या टेम्पोवाल्याला. ते हमी लिहून घेत नाहीत. कंपनी बुडाली की त्यांची उधारी भिंतीपलीकडे. तेव्हा दुकानदारांनो, पाटीवर 'प्रा. लि.' बघून हुरळू नका. कंपनीचं भांडवल किती, संचालक कोण, हे कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर बघता येतं. ते बघून मगच उधारी लिहा.

खर्चाचंही ऐका. प्रायव्हेट लिमिटेडला उलाढाल शून्य असली तरी ऑडिट सक्तीचं. वार्षिक हिशोब आणि विवरणपत्र भरायला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. २०१७ मध्ये सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरमधून काढून टाकल्या होत्या, हे विसरू नका. एलएलपीत उलाढाल ४० लाखांच्या आत किंवा भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर त्या कायद्याखाली ऑडिट लागत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. उधारी मोठी असेल, भागीदार बाहेरचा असेल, कामात अपघाताचा धोका असेल, तर कंपनी किंवा एलएलपी जरूर काढा. सगळा पैसा घर तारण ठेवूनच उभा राहणार असेल, तर त्या पाटीने घर वाचेल या भ्रमात राहू नका. आधी बँकेत सीजीटीएमएसई योजनेचं विचारा. त्यात पात्र कर्जाला तारण आणि तिऱ्हाईताचा जामीन लागत नाही. बँक स्वतःहून सांगेलच असं नाही.

आणि एक मागणी. हमीचा कागद मराठीत द्या. जामीनदाराला, विशेषतः घरातल्या बाईला, एकटीला बसवून समजावून सांगा की कर्ज थकलं तर तुमचं हे घर जाईल. हे एक वाक्य बोलायला बँकेच्या साहेबांना एक मिनिट लागेल. ताबा नोटीस मराठी पेपरात छापता येते, तर हमीपत्र मराठीत का नाही?

पटलं तर पुढे पाठवा. धंदा काढायच्या तयारीत असलेल्या पोरांना पाठवा, आणि त्यांच्या आयांनाही वाचून दाखवा.