जीर्णोद्धार

आमच्या गावच्या काळ्या दगडी देवळाचा गावकऱ्यांनी वर्गणी काढून जीर्णोद्धार केला, तेव्हा खांबांवरच्या नक्षीला निळा आणि गुलाबी ऑइलपेंट फासला गेला. सुटीवर गेलेल्या मी त्या मंडळींना विलायतेहून आलेल्या माणसाच्या ऐटीत चार शब्द सुनावले. इंग्लंडात परतल्यावर मात्र मी माझ्या मोटारीचे नेमके तेच करून घेतले. तेही पदरचे पैसे मोजून! दुसऱ्यांना शिव्या देण्याचा अधिकार त्यामुळे मला उरलेला नाही. पण स्वतःला देण्याचा तर आहे. तोच आज बजावतो.

माझी गाडी 1965 सालची एम.जी.बी.; दोन माणसांची, उघड्या टपाची, तांबडी. 1962 ते 1980 या काळात या जातीच्या पाच लाखांवर गाड्या तयार झाल्या. तेव्हा तिच्यात दुर्मिळ असे काही नव्हते. दुर्मिळ होते ते एवढेच, की पहिल्या मालकाच्या हातांनी स्टिअरिंगचे चाक दोन जागी गुळगुळीत झाले होते, त्याच्या चढण्याउतरण्याने चामडी गादीची कड झिजली होती, आणि दाराच्या आतल्या अंगाला त्याच्या कुत्र्याच्या नखांचे ओरखडे होते. गाडी माझ्या हवाली करताना त्या वृद्ध गृहस्थाने आधी ते ओरखडे दाखवले. कागदपत्रे नंतर दिली.

गाडीला गंज चढला होता, हे खरे. एम.जी.बी.ला वेगळा सांगाडा नसतो. सगळा भार अंगच्या पत्र्यावरच असतो. दारांखालचे पोकळ पत्रे कुजले, की गाडी मधोमध खचू लागते. ते कापून नवे बसवणे अटळच होते. म्हणून मी जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका नामांकित कारखान्यात गेलो, आणि तेथे एक वाक्य बोलून बसलो: ‘करताच आहात, तर सगळेच करा!’ साऱ्या अनर्थाचे मूळ या वाक्यात आहे. मूळच्या साच्यांवर दाबून काढलेले एम.जी.बी.चे अख्खे नवे अंग 1988 सालापासून विकत मिळते. तेच आले. नवी गादी, नवे चाक, नवे क्रोम आले. मूळ कारखान्याने कधी दिली नसेल अशी झळाळी रंगाला आली. जुने सामान भंगारात गेले. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. त्यांनी मला फसवले असे मात्र कोणी समजू नये. मी मागितले तेच त्यांनी दिले, आणि उत्तम दिले.

माझ्या या पश्चात्तापावर मित्र हसतात. म्हणतात, मोटारीचे भाग बदलायचेच; 1990 सालच्या बेंटलीच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयानेही तेच मान्य केले. हा दाखला तपासून पाहू. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकलेली ती गाडी एक कोटी पौंडांना विकायची ठरली, आणि मूळचे फारसे काही उरलेले नाही म्हणून घेणारा अडून बसला. न्यायाधीशांनी गाडी खरी ठरवली; कारण भाग बदलत गेले तरी तिचे अस्तित्व कोठे खंडित झाले नव्हते. अहो, पण ती बदलली ती धावता धावता! ते बदल हाच तिचा इतिहास होता. माझी गाडी बदलली ती इतिहास पुसण्यासाठी. जखम भरून येणे वेगळे आणि कातडे सोलून नवे चढवणे वेगळे.

मी केवळ भावनेच्या भरात बोलतो असेही नाही. 2015 साली पॅरिसच्या लिलावात, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली 1961ची एक फेरारी एक कोटी साठ लाख युरोंवर गेली, अंगावरच्या धुळीसकट! जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने 2013 साली कायम केलेली टूरिन सनद शक्य तेवढे मूळ द्रव्य राखावयास सांगते. आपल्या सरकारच्या 2021 सालच्या नियमांनीही व्हिंटेज म्हणवण्यासाठी पन्नास वर्षांहून अधिक वय पुरेसे मानलेले नाही; गाडीत मोठी फेरफार झालेली नसावी, अशी अट घातली आहे. त्या कसोटीला माझी गाडी उतरणार नाही.

तेव्हा गाडी कारखान्यात धाडणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. जिवाला धोका असेल ते बेलाशक बदला. ब्रेकच्या नळ्यांत कसला आला आहे इतिहास? पण जे नुसते झिजले आहे त्याला हात लावू नका. नव्या भागावर खूण आणि साल घाला. आणि काढलेला प्रत्येक तुकडा परत मागून घ्या. कारागिराचे कसब नवे चढवण्यात नाही, जुने टिकवण्यात आहे. आणि त्याने ते टिकवावे अशी आपली इच्छा असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत सांगणे हे आपले काम आहे.

गाडी तयार झाल्यावर त्या वृद्ध गृहस्थाला मी हौसेने बोलावले. त्याने रंगाची तारीफ केली, दार उघडले, आतल्या अंगावरून एकवार हात फिरवला आणि ते हलकेच लावून घेतले. फेरफटका मारायला मात्र तो काही आला नाही.

त्या दिवशी मला आमचे गावकरी आठवले. त्यांनी निदान दगड शाबूत ठेवला. उद्या कोणी शहाण्याने तो ऑइलपेंट खरवडला, तर खालून नक्षी वर येईल. माझ्या गाडीचा रंग खरवडला, तर खाली निघेल तो नवाकोरा पत्रा!