वेगाची पैज, रस्त्याचा जुगार

मुंबईचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला, तेव्हा वरळी ते मरीन ड्राइव्ह हे अंतर काही मिनिटांवर आल्याचे कौतुक झाले. त्यानंतर ब्रीच कँडी, वरळी परिसरातील रहिवाशांनी पोलिसांकडे ज्या तक्रारी केल्या, त्या मात्र वाहतूककोंडीच्या नव्हत्या. रात्री सुसाट धावणाऱ्या मोटारी आणि त्यांच्या सायलेन्सरचा कर्णकर्कश आवाज, हे त्या तक्रारींचे मूळ होते. सरळ पट्ट्यात ताशी ८० आणि बोगद्यात ताशी ६० किलोमीटरची मर्यादा फलकांवर लिहिलेली असली, तरी सिग्नल नसलेला मोकळा रस्ता शर्यतबाजांना खुणावतो, हे यातून पुन्हा स्पष्ट झाले.

हा केवळ श्रीमंतांच्या मुलांचा उद्योग आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. परदेशी स्पोर्ट्स कारच्या जोडीला मध्यमवर्गीय घरात परवडणाऱ्या मोटारीही या स्पर्धेत उतरतात. एके काळी होंडा सिटी आणि मारुती बलेनो या गाड्यांच्या इंजिनांवर प्रयोग होत. नंतर टर्बो इंजिनाच्या फोक्सवॅगन पोलो आणि स्कोडा ऑक्टाव्हिया यांनी ती जागा घेतली. टर्बो इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे असते. त्याची आज्ञावली बदलली, म्हणजेच 'रिमॅपिंग' केले, की एकही सुटा भाग न बदलता इंजिनाची ताकद लक्षणीय वाढते. त्यापुढे मोठा टर्बो, मोकळा एक्झॉस्ट, खाली बसवलेले सस्पेन्शन अशी चढती भाजणी सुरू होते.

येथेच चुरशीला धार येते. अमुक कंपनीची गाडी सरस की तमुक कंपनीची, हा वाद वरवरचा असतो. खरी ईर्ष्या कोणाच्या गॅरेजने गाडी तयार केली, याची असते. ज्याची गाडी पुढे निघते, त्याच्या मेकॅनिकचे नाव होते आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते. धावत्या गाड्या शेजारी आणायच्या, हॉर्नच्या खुणेवर वेग घ्यायचा आणि मागच्या सीटवरील मित्राने मोबाइलवर चित्रीकरण करायचे, ही ठरलेली पद्धत आहे. हरणाऱ्याची नाचक्की काही मिनिटांत सर्वत्र पोहोचते. त्यामुळे पराभव पचवण्यापेक्षा पुढच्या आठवड्यात आणखी ताकद वाढवून येणे सोपे वाटते.

मात्र इंजिनावर खर्च करणारे सर्वच जण ब्रेक आणि टायरवर तेवढा खर्च करीत नाहीत. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगातील मोटार ब्रेक लागल्यानंतर साधारण ३५ मीटरमध्ये थांबते, तर ताशी १६० किलोमीटर वेगात हेच अंतर सुमारे १४० मीटरवर जाते. चालकाला भान येण्यास लागणाऱ्या एका सेकंदात गाडी आणखी ४४ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. ५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर भरधाव मोटार आधीच्या अपघाताच्या ठिकाणी थांबलेल्या रुग्णवाहिकेवर व गाड्यांवर आदळली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. मृतांत मदतीला धावलेले सेतूवरील कर्मचारीही होते. ती शर्यत नव्हती. पण वेगाची किंमत अनेकदा तिसराच माणूस मोजतो, हे त्या पहाटेने दाखवून दिले.

कायदा नाही, असे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने रस्त्यावरील शर्यतीसाठी पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. नाकाबंदीवरील हवालदाराला काळ्या काचा दिसतात, सायलेन्सरचा आवाज ऐकू येतो. संगणकातील बदललेली आज्ञावली मात्र दिसत नाही. 'पीयूसी' चाचणीतही इंजिनाची ताकद मोजली जात नाही. शिवाय लाखो रुपये गाडीवर ओतणाऱ्याला पाच हजारांचा दंड म्हणजे टायरच्या किमतीचा एक भाग असतो.

याच कायद्याच्या कलम १८९ मधील एका शब्दप्रयोगाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे, हा गुन्हा आहे. म्हणजेच संमतीचे दार कायद्यानेच उघडे ठेवले आहे. हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई, तर चेन्नईत ऑगस्ट २०२४ अखेर फॉर्म्युला ४ च्या शर्यती शहराच्या रस्त्यांवरच झाल्या. तेथे रस्ता बंद होता, कठडे होते आणि डॉक्टरही हजर होते.

अमेरिकेने हा मार्ग फार पूर्वी चोखाळला. कॅलिफोर्नियात रस्त्यावरील शर्यतींनी उच्छाद मांडला असताना वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये पोमोना येथील जत्रेच्या मैदानातील वाहनतळावर झाली. त्यामुळे रस्त्यावरील शर्यती संपल्या नाहीत, हेही तितकेच खरे. पण ज्याला खरोखर गाडीची कसोटी पाहायची आहे आणि ज्याला केवळ धाक दाखवायचा आहे, त्यांच्यात फरक करणे शक्य झाले.

आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथे शर्यतीचे पक्के मार्ग आहेत. मुंबईतील तरुणाने शनिवारी रात्री तेथे जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. शहराजवळ माफक शुल्कात, तपासणी करून गाडी पळवता येईल असा पाव मैलाचा सरळ पट्टा उपलब्ध झाला, तर पोलिसांची कठोर कारवाईही अधिक न्याय्य ठरेल. कारण मग 'आम्ही जायचे कुठे' ही सबब उरणार नाही. तोपर्यंत मात्र या पैजेतला तिसरा भागीदार, म्हणजे रात्रपाळी संपवून घरी निघालेला टॅक्सीचालक, आपली संमती न देताच तिच्यात ओढला जात राहील.