शिखरजीच्या पिशवीत आपल्याही गोळ्या



दिवाळी झाली की आपल्याकडे शिखरजीच्या यात्रेची गडबड सुरू होते. धर्मशाळेत खोल्या मिळाल्या का, डोली करायची की चालायचं, दशम्या किती न्यायच्या, याची चर्चा महिनाभर आधीपासून. रोजच्या गोळ्यांची आठवण मात्र निघायच्या आदल्या रात्री. त्यातही ह्यांच्या गोळ्या आधी, मग सासूबाईंच्या, आणि आपल्या कमी पडल्या तर 'तिथे मेडिकलमध्ये घेऊ की!'

मला हे अजिबात पटत नाही. घराजवळचा दुकानदार आपल्याला ओळखतो. जिलेटिनची कॅप्सूल नको, खोकल्याच्या औषधात मध नको, हे त्याला सांगावं लागत नाही. परगावी हेच सगळं नव्याने, मोडक्यातोडक्या हिंदीत आणि घाईत विचारायचं. शिवाय आपल्या कंपनीची गोळी तिथे असेलच असं नाही. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम तेही लिहून घ्यावं.

पण गोळ्या बरोबर असल्या तरी खरा घोळ वेळेचा होतो. शिखरजी झारखंडात, आपल्यापेक्षा खूप पूर्वेला. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, कोल्हापूरपेक्षा जवळजवळ एक तास आधी. ज्यांचा रात्रिभोजनाचा आणि पाण्याचाही त्याग आहे, त्यांची 'संध्याकाळच्या जेवणानंतरची' गोळी तासभर अलीकडे येते किंवा राहूनच जाते. दुसरीकडे वंदनेसाठी पहाटे दोन-तीनला निघायचं. चढ, टोंकांची फेरी आणि उतार मिळून 27 किलोमीटर, आणि बऱ्याच जणी खाली येईपर्यंत काही घेत नाहीत. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न नसलं तर साखर एकदम खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बरोबरच्यांना वाटतं, चढाचा शीण आहे. थोडा वेळ बसवतात आणि पुन्हा चालवतात. हे जिवावर बेतू शकतं.

म्हणून निदान पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जा. बी.पी., साखर तपासून घ्या आणि आपला नियम त्यांना स्पष्ट सांगा: सूर्यास्तानंतर काही नाही, वंदनेच्या दिवशी इतके तास उपाशी. गोळीची वेळ बदलायची की त्या दिवशी मात्रा कमी करायची, ते त्यांनी ठरवायचं. आपण किंवा संघातल्या हुशार काकूंनी नाही. डॉक्टर म्हणाले की वाटेत काहीतरी घ्यावंच लागेल, तर घ्यावं. सोळाकारण भावनांत त्याग आणि तप या दोन्हींना 'शक्तितः' जोडलेलं आहे, ते उगीच नाही. 'यात्रेत गोळी कशाला, भगवंत आहेत ना' असं म्हणणाऱ्या बाईला श्रद्धाळू म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यात हट्टच जास्त दिसतो. तिला काही झालं तर धावपळ सगळ्या संघाची होते.

तिथे गेल्यावर शंका आली तर आपल्याच डॉक्टरांना फोन करायला संकोचू नका. 2020च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर फोनवर सल्ला देऊ शकतात. सहा महिन्यांत त्यांना प्रत्यक्ष दाखवलेलं असेल तर त्याच आजाराच्या चालू गोळ्या पुन्हा लिहूनही देऊ शकतात. निघण्याआधीची ती फेरी इथेही कामाला येते. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024पासून आयुष्मान कार्ड मिळतं, ते बरोबर असू द्यावं. फक्त ते दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं, दुकानातल्या गोळ्यांना नाही.

गोळ्या बसच्या डिकीत जाणाऱ्या मोठ्या बॅगेत नकोत, खांद्यावरच्या पिशवीत हव्यात. इन्सुलिन असेल तर त्याला ऊन लागू देऊ नका. आणि चार दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, थंडीत धुक्यामुळे तिकडच्या गाड्यांना खूप उशीर होतो.